मुलांची अर्धशक्ती आणि प्रश्नपरीक्षा
व्यायामात बालकाला जाणवणाऱ्या श्रमाच्या मापनाविषयी

दिनचर्येतील व्यायामाचा विचार करताना 'अर्धशक्ती' हा शब्द आपण सर्व वैद्य सहजपणे वापरतो. रुग्णपत्रिकेवर 'व्यायाम अर्धशक्तीने करावा' असे लिहून देणे आपल्या अंगवळणी पडले आहे. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत हे बव्हंशी चालून जाते. कारण आपल्याला कोठे थांबावयाचे आहे हे तो थोड्याफार अनुभवाने जाणतो, आणि थांबण्याचे स्वातंत्र्यही त्याच्याकडे असते. आठ-दहा वर्षांच्या बालकाच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. मैदानावर किती फेऱ्या मारायच्या हे क्रीडाशिक्षक ठरवितात, सुटीतील शिबिरात किती सूर्यनमस्कार घालायचे हे शिबिरप्रमुख ठरवितात, आणि घरी दोरीवरच्या उड्यांची संख्या पालक ठरवितात. ज्याच्या शक्तीचे अर्ध करावयाचे, त्याला कोणी विचारीत नाही.

बालकांमधील स्थौल्य, तमकश्वास, अग्निमांद्य अशा तक्रारींत आज आपल्याकडून व्यायामाचा सल्ला वारंवार दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी असे म्हटले आहे. 'मध्यम' म्हणजे किती आणि 'तीव्र' म्हणजे किती, हे त्या विशिष्ट बालकाच्या देहावर कसे ओळखावयाचे, हा प्रश्न चिकित्सकाच्या पदरी उरतोच. या प्रश्नाचा विचार संहिता आणि आधुनिक श्रममापनशास्त्र या दोहोंच्या आधारे करण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

संहितांतील भूमिका

अर्धशक्तीचे लक्षण सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४व्या अध्यायात सांगितले आहे. व्यायाम करणाऱ्याचा हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घेण्याची वेळ आली, की बलाचे अर्ध झाले असे समजावे, असा त्याचा आशय आहे. टीकांतून व पुढील संग्रहग्रंथांतून याला काख, ललाट, नासा व हातापायांचे सांधे येथे स्वेद येणे आणि मुखशोष होणे या लक्षणांची जोड मिळाली. व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार यांचा विचार करावा, असेही तेथेच सांगितले आहे.

या वर्णनात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आचार्यांनी जोर-बैठकांची संख्या, चालण्याचे अंतर वा घटिका यांपैकी कशानेही अर्धशक्ती मोजलेली नाही. त्यांनी ती करणाऱ्याच्या देहात मोजली. एकाच कामाने एकाची अर्धशक्ती होईल, दुसऱ्याची पाव होईल आणि तिसरा अतिव्यायामाच्या उपद्रवांत जाईल. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या ८व्या अध्यायात व्यायामशक्ती ही कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून तपासावी व तिच्यावरून प्रवर, मध्यम, अवर असे बल अनुमानावे असे सांगितले, त्यामागेही हीच दृष्टी आहे.

वर सांगितलेल्या लक्षणांपैकी स्वेद आणि मुखाने होणारा श्वास दर्शनाने व स्पर्शनाने कळतात. मुखशोष, गात्रगौरव, छातीतील अवरोध ही लक्षणे मात्र ज्याची त्याने सांगितल्याशिवाय कळत नाहीत. येथे त्रिविध परीक्षेतील तिसरी परीक्षा, म्हणजे प्रश्न, अपरिहार्य ठरते. आधुनिक शास्त्र ज्याला 'जाणवणारा श्रम' म्हणते, त्याचे मापन ही आमच्या मते आकड्यांत बांधलेली प्रश्नपरीक्षाच होय.

'बाल' आणि व्यायामाचा निषेध

येथे एक शंका उपस्थित होईल. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, बाल, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. मग बालकाच्या अर्धशक्तीची चर्चा कशासाठी?

या निषेधाचा अर्थ लावताना संदर्भ पाहावा लागतो. त्याच प्रकरणात अर्धशक्तीचा व्यायाम हा बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी, शीतकाळी आणि वसंतात करावा व इतर वेळी तो मंदच असावा, असे सांगितले आहे. म्हणजे प्रसंग बलवृद्धीसाठी जाणीवपूर्वक केलेल्या, देहाला आयास देणाऱ्या कर्माचा आहे. १६ वर्षांपर्यंतचे वय हे बाल आणि त्यातील धातू अपरिपक्व, ही चरकांची मर्यादा आपण जाणतोच. अशा धातूंवर प्रौढाच्या मापाचा आयास लादू नये, हा या निषेधाचा गाभा आहे असे आमचे नम्र मत आहे. बालकाने धावू नये, खेळू नये असा अर्थ त्यातून निघत नाही. चरकाचार्य शारीरस्थानाच्या ८व्या अध्यायात बालकाची खेळणी कशी असावीत हे बारकाईने सांगतात. क्रीडा हा बालकाचा सहज धर्म त्यांना मान्यच आहे.

बालकाची स्वाभाविक क्रीडा कशी असते, याचे एक उद्बोधक निरीक्षण १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांच्या हालचाली दिवसभर टिपल्या असता असे दिसले की, त्यांच्या तीव्र हालचालींपैकी सुमारे ९५ टक्के हालचाली १५ सेकंदांपेक्षा कमी काळ टिकल्या. मूल धावते, थांबते, वाकून काही उचलते, पुन्हा धावते. आपल्या शक्तीचे अर्ध ते न शिकताच सांभाळते. ही स्वाभाविक मर्यादा तुटते ती मोठ्या माणसाने शिटी हातात घेतल्यावर. सलग फेऱ्या, मोजून उठाबशा, सर्वांना एकच संख्या आणि 'थांबायचे नाही' हा आदेश, अशा वेळी बालकाची क्रीडा संपते व व्यायाम सुरू होतो. आणि वाग्भटाचार्यांचा इशारा तेथपासून लागू होतो. शाळा व शिबिरे बंद करणे आपल्या हाती नाही व ते इष्टही नाही. त्या व्यायामाला बालकाच्या जाणिवेचा लगाम लावणे मात्र शक्य आहे.

बोर्ग यांची मापनश्रेणी

श्रमाच्या जाणिवेला आकडा देण्याचे काम स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६०च्या दशकात हाती घेतले. त्यांची प्रसिद्ध श्रेणी ६ पासून २० पर्यंत जाते. हे आकडे विचित्र वाटतात, परंतु त्यामागे योजना आहे. निरोगी तरुण प्रौढाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणले असता त्या वेळची हृद्गती ढोबळमानाने मिळावी, अशी ही रचना आहे. ६ म्हणजे मिनिटाला सुमारे ६० ठोके आणि २० म्हणजे सुमारे २००. मधल्या आकड्यांना 'हलके', 'काहीसे जड', 'फार जड' अशा अर्थाचे शब्द जोडलेले आहेत. पुढे १९८२ साली त्यांनी ० ते १० अशी दुसरी श्रेणीही मांडली.

प्रौढांसाठी ही साधने जगभर रूढ झाली. मुलांच्या बाबतीत मात्र अडचणी आल्या. पहिली अडचण हृद्गतीची. बालकाची विश्रांतीतील हृद्गती प्रौढापेक्षा अधिक असते, त्यामुळे ६ म्हणजे ६० हे गणित आरंभीच चुकते. दुसरी अडचण भाषेची. 'काहीसे जड' आणि 'जड' यांतील सूक्ष्म भेद आठ वर्षांच्या मुलाला कळेलच असे नाही. तिसरी अडचण बुद्धीच्या विकासाची. पंधरा पायऱ्यांची अमूर्त शिडी मनात धरून आपल्या देहातील अनेक संवेदनांचे एक उत्तर काढणे, ही क्रिया साधारण सात-आठ वर्षांच्या आत अवघड असते आणि पुढेही हळूहळूच पक्व होते.

एकट्या हृद्गतीवर का विसंबू नये

'मग नाडी मोजावी, मुलाला कशाला विचारावे?' असा प्रश्न काही वैद्यबंधू विचारतात. नाडी मोजावीच, पण तिच्या मर्यादाही जाणाव्यात. २२० मधून वय वजा करण्याचे प्रचलित सूत्र मुलांसाठी योग्य नाही. बालवयात व किशोरवयात कमाल हृद्गती वयाबरोबर फारशी बदलत नाही. धावपट्ट्यावरील चाचणीत ती बहुधा १९५ ते २०५च्या आसपास मिळते. शिवाय थांबल्यानंतर मुलांची हृद्गती प्रौढांपेक्षा झपाट्याने उतरते. मनगट शोधून पूर्ण मिनिटभर मोजत बसल्यास श्रमकाळातील गती हाती लागत नाही. थांबताच १० सेकंद मोजून सहाने गुणणे त्यातल्या त्यात बरे. उन्हाळा, भीती, ज्वर आणि काही औषधे यांनीही नाडी बदलते. हृद्गती मंद करणारी औषधे चालू असलेल्या बालकात तर तिच्यावरून श्रमाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. अशा वेळी बालकाचा शब्द हाच अधिक विश्वसनीय पुरावा ठरतो.

मुलांसाठी घडविलेल्या श्रेणी

या अडचणी ओळखून विल्यम्स, एस्टन आणि फरलाँग यांनी १९९४ साली मुलांसाठी स्वतंत्र तक्ता मांडला. 'चिल्ड्रन्स एफर्ट रेटिंग टेबल', संक्षेपाने 'सर्ट', या नावाने तो ओळखला जातो. त्यात १ ते १० हे आकडे असून शब्द मुलांच्या तोंडचे आहेत. सर्वांत खालची पायरी 'फार फार सोपे' अशा अर्थाची आहे, तर दहाव्या पायरीवर 'इतके अवघड की आता मी थांबणारच' असा भाव आहे. मुलांना १ ते १० ओळखीचे असतात. ६ पासून सुरू होणारी मोजणी त्यांना परकी वाटते. ही साधी गोष्ट ध्यानात घेतल्याने उत्तरांत फरक पडला. हाँगकाँगमधील मुलांवर बोर्ग श्रेणी व सर्ट यांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली, तीतही सर्टच अधिक योग्य आढळला.

दुसरे महत्त्वाचे पाऊल अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात रॉबर्ट रॉबर्टसन व सहकाऱ्यांनी टाकले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ओम्नी' श्रेणीत ० ते १० या आकड्यांबरोबर चढावर सायकल चालविणाऱ्या मुलाची चित्रे आहेत. पायथ्याशी मूल ताजेतवाने आहे, वर जाताना ते वाकते, घामाघूम होते आणि माथ्यावर पूर्ण थकलेले दिसते. 'मुळीच दमलो नाही' पासून 'फार फार दमलो' पर्यंत शब्द चित्रांखाली आहेत. याच श्रेणीची चालण्या-धावण्यासाठीची चित्रे पुढे तयार झाली. रॉबर्टसन यांनी मुलांना पायांचा श्रम, छातीचा श्रम आणि एकंदर श्रम असे तीन वेगळे प्रश्न विचारले, हे आपल्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली सर्टची चित्रमय आवृत्ती आली, तीत मूल पायऱ्या चढताना दाखविले आहे.

रॉजर एस्टन यांनी पुढे आणखी एक विचार मांडला. मुलाला जाणवणारा श्रम भाराच्या सम प्रमाणात वाढत नाही. आरंभी तो सावकाश वाढतो आणि शेवटी एकदम उसळी घेतो. म्हणून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एस्टन-पारफिट श्रेणीत सरळ चढाऐवजी वर जाताना अधिकाधिक उभा होत जाणारा वक्र चढ आहे. ७-८ वर्षांच्या मुलांवरील एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, या चित्राच्या जोडीला गोट्यांचा उपयोग केला गेला. मुलांनी आकडा बोलण्याऐवजी, जेवढे श्रम वाटतात तेवढ्या गोट्या टाकायच्या. आकड्यांत न बोलणारे मूल गोट्यांत बोलू शकते, ही कल्पना आपल्याकडील कोणाही आजीला पटण्यासारखी आहे.

शिकविल्याशिवाय आकडा खरा येत नाही

या सर्व श्रेणींचा अनुभव एका मुद्द्यावर एकवटतो. तक्ता मुलाच्या हाती देऊन लगेच 'सांग किती?' असे विचारल्यास मिळणारे उत्तर भरवशाचे नसते. आधी दोन टोके पक्की करावी लागतात. एक मार्ग स्मृतीचा आहे. आजवर सर्वांत सोपे वाटलेले काम आणि सर्वांत जास्त दमविणारे काम मुलाला आठवावयास सांगावे व ती टोके चित्रावर बोटाने दाखवावीत. दुसरा मार्ग प्रत्यक्षाचा. मुलाला स्वस्थ बसवून शून्याची व नंतर थोडा खरोखरीचा श्रम करवून वरच्या पायऱ्यांची ओळख करून द्यावी. चिकित्सालयात दुसऱ्या मार्गाने दहाव्या पायरीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. तेथे स्मृतीचा आधार पुरेसा आहे.

उपयोगाचेही दोन प्रकार आहेत. पहिल्यात काम आपण ठरवितो आणि मूल आकडा सांगते. दुसऱ्यात आकडा आपण देतो, जसे 'चारच्या चित्राएवढे चाल', आणि वेग मूल ठरविते. दुसरा प्रकार कठीण, परंतु अर्धशक्तीच्या शिक्षणासाठी तोच खरा. एस्टन व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते १० वर्षांच्या मुलांनी हा प्रयोग चार वेळा केला आणि सरावाने त्यांची उत्तरे अधिक स्थिर होत गेली. म्हणजे ही विद्या शिकविता येते.

मराठी मुलांसाठी शब्द

परभाषेतील शब्दांचे शब्दशः भाषांतर करून हाती काही लागत नाही, असा आमचा अनुभव आहे. 'तुला किती परिश्रम जाणवतात?' या प्रश्नावर मूल आईकडे पाहते. 'दम किती लागला?' असे विचारताच ते उत्तर देते. आम्ही आमच्या चिकित्सालयात गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलाचे साधे रेखाचित्र भिंतीवर लावले असून त्याखाली पुढील शब्द लिहिले आहेत:

० – अजिबात दमलो नाही / दमले नाही
२ – थोडासा दम लागला
४ – दम लागतोय, पण बोलता येते
६ – दमलो / दमले, बोलताना मध्ये थांबावे लागते
८ – खूप दमलो / दमले, पाय भरून आले
१० – आता एक पायरीही चढता येणार नाही

मधले विषम आकडे रिकामे ठेवले आहेत. मूल त्यांवरही बोट ठेवू शकते. ही प्रमाणित मापनश्रेणी नव्हे, चिकित्सालयीन सोयीसाठी केलेली मांडणी आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपापल्या भागातील बोलीप्रमाणे 'धाप लागली', 'जीव वर आला', 'पाय लटपटतात' असे शब्द योजावेत.

यातील चौथ्या व सहाव्या पायरीला बोलण्याची खूण मुद्दाम जोडली आहे. सुश्रुतोक्त लक्षणात वायू मुखाशी येतो. आणि वाक्य सलग बोलता न येणे ही त्याच अवस्थेची सर्वांना दिसणारी बाजू आहे. दोन्ही वर्णने तंतोतंत एकच आहेत असा आमचा दावा नाही. परंतु चारच्या पुढे आणि सहाच्या आत कोठेतरी बालकाची अर्धशक्ती येते असे धरून व्यायाम सांगितल्यास तो सहसा निर्धोक राहतो. नव्याने आरंभ करणाऱ्या, स्थूल किंवा नुकत्याच ज्वरातून उठलेल्या बालकाला आम्ही पहिले दोन आठवडे तीन-चारच्या वर जाऊ देत नाही. ग्रीष्मात व शरदात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, आकडा तोच ठेवून काम कमी करावे. वाग्भटाचार्यांचा 'मंद' हा शब्द तेथे अक्षरशः पाळावा.

घरी नोंद ठेवण्यासाठी एक सोपी रीत आहे. खेळ संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने मुलाला एकंदर आकडा विचारावा व त्याला खेळाच्या मिनिटांनी गुणावे. ४० मिनिटांच्या खो-खोला मुलाने ४ दिले तर त्या दिवसाचा भार १६०. ही संख्या आठवड्यात एकदम वाढली, किंवा तेवढ्याच खेळाला आकडा चढत गेला, तर पालकांनी वैद्याला कळवावे. औषधाची मात्रा आपण जशी नोंदवितो, तशी व्यायामाची मात्राही यामुळे नोंदविता येते.

मूल 'दमलो' म्हणते तेव्हा

या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग व्यायामाची मात्रा ठरविण्यापेक्षाही रोगनिदानात आहे. समान कामाला समवयस्कांपेक्षा फार मोठा आकडा देणारे मूल आळशी आहे, असे समजण्यापूर्वी त्याची परीक्षा झाली पाहिजे.

पांडुरोगाचे उदाहरण घेऊ. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १६व्या अध्यायात पांडूच्या लक्षणांत चढण्याच्या आयासाने पिंडऱ्यांत वेष्टन आणि कंबर, मांड्या व पाय यांत वेदना व साद होतो असे सांगितले आहे. पायऱ्यांचे चित्र दाखवून आपण जे विचारतो, ते आचार्यांनी फार पूर्वी टिपून ठेवले आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणानुसार देशातील ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी २८ टक्के रक्ताल्पतेने ग्रस्त होते. म्हणजे मैदानावर उभ्या असलेल्या प्रत्येक चार मुलांपैकी सुमारे एकाला त्याच फेरीचे श्रम अधिक जाणवण्यास सबळ कारण असू शकते.

आमच्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी आणली गेली. तक्रार मुलीची नव्हती, शाळेची होती. ती कवायतीत मागे राहते, बहाणे करते, म्हणून तिला वर्गाबाहेर उभे केले जात असे. आई संकोचाने म्हणाली, "डॉक्टर, हिला काही शक्तीचं औषध द्या, नाहीतर हिला समजावून तरी सांगा." आम्ही तिला व तिच्या नऊ वर्षांच्या भावाला चिकित्सालयाच्या जिन्यावरून दोनदा चढ-उतर करावयास सांगितले. भावाने २ वर बोट ठेवले, मुलीने ७ वर. पायांसाठी विचारले तेव्हा ती ८ म्हणाली, छातीसाठी ६. नखे व नेत्रवर्त्म पाहिले, रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४ निघाले. कृमींचा इतिहास होता, आहारात पालेभाजी व कडधान्ये नावालाच होती. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने लोह, आमची पांडुचिकित्सा व आहारयोजना असा उपक्रम सुमारे तीन महिने चालला. त्यानंतर त्याच जिन्याला तिने ३ चा आकडा दिला. त्या मुलीला समजावून सांगण्यासारखे काही नव्हते. तिने जे सांगितले ते ऐकण्याची आवश्यकता होती.

तमकश्वासाच्या बालकात छातीचा आकडा पायांच्या आकड्याच्या पुढे धावतो. व्यायामजन्य श्वासात त्रास पुष्कळदा थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत शिगेला पोहोचतो, म्हणून आकडा एकदा थांबताक्षणी आणि एकदा दहा मिनिटांनी विचारावा. निरोगी मुलाचा आकडा तोवर उतरलेला असतो. या मुलाचा चढतो. तसेच काम न करताही येणारा थकवा व विषयग्रहणाची अनिच्छा, हा श्रम नसून क्लम होय, हा सुश्रुताचार्यांचा भेद स्मरणात ठेवावा. जे मूल सकाळी उठताच चारवर बोट ठेवते, त्याच्या व्यायामाचा नव्हे तर निद्रेचा, अग्नीचा व मनाचा विचार करावा लागतो.

काही लक्षणांत मात्र आकडा विचारीत बसू नये. श्रम चालू असताना मूर्च्छा येणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, हृदयाची धडधड अनियमित होणे, पूर्वी आमवातज ज्वर होऊन गेलेला असणे किंवा कुटुंबात तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून बालकाला हृद्रोगतज्ज्ञांकडे तातडीने पाठवावे.

खोटा आकडा आणि त्याची कारणे

मूल नेहमी खरेच सांगते असे नाही. काही मुले खेळ टाळण्यासाठी मोठा आकडा देतात. परंतु आमच्या पाहण्यात अधिक मुले लहान आकडा देतात. स्पर्धेत निवड व्हावी, सरांनी शाबासकी द्यावी, मित्रांत हसे होऊ नये, यासाठी घामाने निथळत असतानाही 'तीन' म्हणणारा तेरा वर्षांचा धावपटू आम्ही पाहिला आहे. मैदानात सर्वांदेखत तो तीन म्हणे, आणि चिकित्सालयात एकांतात विचारल्यावर आठावर बोट ठेवी. म्हणून आकडा मोठ्याने विचारू नये. चित्रावर बोट ठेवू द्यावे, आणि शक्यतो विचारणारा निवड करणारा नसावा. बोटाबरोबर डोळ्यांनी दर्शनपरीक्षा चालू ठेवावी. श्वास, स्वेद, मुखवर्ण व चाल एक सांगत असतील आणि बोट दुसरे, तर तो विरोधच पुढील चौकशीचा विषय होय.

सर्वांत महत्त्वाची अट मोठ्या माणसांसाठी आहे. मुलाने आठ सांगितल्यावर 'आणखी एक फेरी' असा आदेश मिळाला, तर पुढच्या वेळी ते आठ सांगणार नाही. आकडा विचारणाऱ्याने तो मानण्याची तयारी आधी ठेवली पाहिजे. प्रश्नपरीक्षेचे फल हे उत्तरावर कृती करण्यावर अवलंबून असते.

वैद्यबंधू-भगिनींस विनंती

शालेय आरोग्य तपासणी, योगवर्ग, संस्कार शिबिरे व व्यायामशाळा यांच्याशी आपल्यापैकी अनेकांचा संबंध येतो. तेथे वजन-उंची व दात तपासण्याबरोबर, एका भिंतीवर पायऱ्यांचे चित्र लावण्यास खर्च येत नाही. क्रीडाशिक्षकांना अर्ध्या तासात ही रीत समजावून देता येते. सूर्यनमस्कारांची संख्या सर्वांना समान न ठेवता 'चारच्या चित्रापर्यंत घाला व तेथे थांबा' असे सांगता येते. शिक्षा म्हणून व्यायाम देण्याची प्रथा जेथे असेल, तेथे ती बंद करण्यासाठी वैद्याच्या शब्दाला वजन आहे, ते वापरावे. शिक्षेत थांबण्याचा अधिकार मुलाकडे नसतो आणि त्यामुळे अर्धशक्तीची कोणतीही व्यवस्था तेथे शिल्लक राहत नाही.

सोळा वर्षांपर्यंत धातू घडत असतात, तशीच स्वतःच्या देहाची ओळखही घडत असते. आज चारावर थांबण्यास शिकलेले मूल उद्या प्रौढपणी आपली अर्धशक्ती आपणच ओळखील, आणि रुग्णपत्रिकेवरील तो शब्द त्याला समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या चिकित्सालयात असा प्रयोग करणाऱ्या वैद्यांनी बालकाचे वय, दिलेले काम, पाय, छाती व एकंदर यांचे आकडे आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा अशा नोंदी ठेवाव्यात. अशा नोंदी एकत्र आल्यास मराठी मुलांसाठी मराठी शब्दांत सिद्ध झालेली श्रेणी तयार करण्याचे काम आपल्यालाच हाती घेता येईल.